फिडोनेटवर मराठी: नवख्यांनी कुठून सुरुवात करावी

फिडोनेट म्हणजे हौशी लोकांनी घरच्या संगणकांवर चालवलेले निरोपांचे जाळे. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी ‘फिडो’ या आपल्या बुलेटिन बोर्डाच्या (म्हणजे बाहेरून जोडून पत्रे वाचता-लिहिता येणाऱ्या संगणकाच्या) प्रोग्रॅमला एक सोय जोडली. दिवसभर बोर्डावर जमलेली पत्रे रात्री दुसऱ्या शहरातल्या बोर्डाला फोन लावून आपोआप पोचवायची, ही ती सोय. पलीकडच्या टोकाला बाल्टिमोरचे जॉन मॅडिल होते. रात्रीची वेळ निवडली ती ट्रंक कॉल स्वस्त म्हणून. इंदुरात रात्री अकरानंतर पाव दराच्या एसटीडीसाठी बूथवर थांबलेल्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको. पुढे डॅलसच्या जेफ रश यांनी एकोमेल आणले. त्यामुळे एका बोर्डावर लिहिलेले पत्र त्या विषयात सामील असलेल्या सगळ्या बोर्डांवर उमटू लागले. फोनची जागा आता इंटरनेटने घेतली आहे, पण रचना जवळजवळ तीच राहिली आहे आणि जाळे आजही चालू आहे.

इथे कोणाचाही मध्यवर्ती सर्व्हर नाही. प्रत्येक बोर्डाजवळ पत्रांची स्वतःची प्रत असते आणि ती कुठे ठेवायची, किती वर्षे ठेवायची हे तो बोर्ड चालवणारा ठरवतो. त्याला सिसॉप म्हणतात. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या इंदुरी माणसाला जगभरातल्या हौशी मंडळींशी सावकाश, लांब पत्रांतून बोलायचे असेल, तर ही जागा खरोखर चांगली आहे. नवखे लोक मात्र पहिल्याच दिवशी स्वतःचा बोर्ड उभा करायला निघतात आणि आठवडाभरात कंटाळतात. त्यापेक्षा पायरीपायरीने जावे.

पत्ता कसा वाचायचा

जाळ्यातला पत्ता २१:३/९९९.४ असा दिसतो (हा फक्त नमुना आहे). पहिला आकडा विभाग, दुसरा नेट (विभागातला बोर्डांचा गट), तिसरा नोड (जाळ्यातला एक बोर्ड) आणि टिंबानंतरचा पॉइंट (नोडच्या हाताखालचा वापरणारा). ०७३१ पाहिले की फोन इंदूरचा हे कळते, तसेच इथे डावीकडून उजवीकडे पत्ता बारीक होत जातो. फिडोनेटमध्ये विभाग १ उत्तर अमेरिका, २ युरोप, ३ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा भाग आणि ४ लॅटिन अमेरिका. भारत पूर्वी विभाग ६ मध्ये, म्हणजे आशियात होता. २००७ मध्ये तो विभाग बंद झाला आणि उरलेले नोड विभाग ३ मध्ये गेले. म्हणून जुन्या याद्यांत भारताचा पत्ता ६ ने सुरू होताना दिसला, तर तिकडे अर्ज पाठवू नका.

फिडोनेटचेच तंत्र वापरणारी पण स्वतंत्र चालणारी जाळीही आहेत. त्यांपैकी एफएसएक्सनेट (विभाग २१, मुख्य हब, म्हणजे इतर बोर्डांची पत्रे गोळा करून वाटणारा बोर्ड, न्यूझीलंडमध्ये) नवख्यांसाठी आम्हाला सर्वांत सोयीचे वाटते, कारण तिथे प्रयोग करायला मोकळीक आहे आणि चुकलेल्याला समजावून सांगणारी माणसे आहेत. सिंक्रोनेट हा बोर्ड चालवायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचे डव्हनेट हेही एक सोपे दार आहे. त्याची पत्रे क्यूडब्ल्यूके नावाच्या गठ्ठ्यांतून जातात.

तीन पायऱ्या

पहिली पायरी वाचकाची. सिंकटर्म हा बोर्डांशी जोडणारा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या, त्यातल्या यादीतून एखादा चालू बोर्ड निवडा, टेलनेटने किंवा शक्य असेल तर एसएसएचने (दूरच्या संगणकाशी जोडायच्या दोन पद्धती, दुसरी मजकूर गुप्त ठेवते) जोडा आणि खाते उघडा. बहुतेक बोर्डांवर खरे नाव मागतात. फिडोनेटच्या अनेक इकोंमध्ये, म्हणजे विषयवार चर्चांमध्ये, टोपणनाव चालत नाही. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड इथे वापरू नका. पंधरा दिवस नुसते वाचा. चाचणीसाठी वेगळा इको असतो, पहिले पत्र तिथेच टाका.

दुसरी पायरी पॉइंटची, आणि बहुतेकांनी इथेच थांबले तरी काही बिघडत नाही. पॉइंट म्हणजे एखाद्या नोडच्या हाताखालचा पत्ता. पत्रे तुमच्या संगणकावर उतरतात, तुम्ही निवांत वाचता, उत्तरे लिहिता आणि पुढच्या वेळी जोडलात की ती निघून जातात. यासाठी जाळ्याच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज लागत नाही. नोड चालवणाऱ्या सिसॉपने हो म्हटले की झाले. रामबागेतल्या एका घरात नोड असेल, तर लोकमान्य नगर, सुदामा नगर आणि राऊपर्यंतचे सगळे त्याच्याखाली .१, .२, .३ असे पॉइंट होऊ शकतात. एका शहरात एक नीट सांभाळलेला नोड आणि त्याच्याखाली दहा पॉइंट हे चित्र अर्धवट चालणाऱ्या दहा नोडांपेक्षा कितीतरी चांगले.

तिसरी पायरी नोडची. त्यासाठी त्या जाळ्याच्या समन्वयकाकडे अर्ज करायचा. बोर्डाचे नाव, गाव, स्वतःचे नाव, इंटरनेटवरचा पत्ता, वापरलेले सॉफ्टवेअर आणि आठ अक्षरी पासवर्ड एवढी माहिती लागते. मंजुरी मिळाली की तुमची ओळ नोडलिस्टमध्ये येते. नोडलिस्ट म्हणजे साऱ्या जाळ्याची पत्त्यांची यादी. ती दर शुक्रवारी निघते आणि फाइलच्या नावापुढे वर्षातल्या त्या दिवसाचा तीन आकडी क्रमांक असतो. यादीत ओळ यायला आठवडा लागू शकतो, त्याआधी “मला कोणी ओळखत नाही” अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

पत्र जाते कसे

तुम्ही लिहिलेले पत्र आधी तुमच्याच बोर्डाच्या साठ्यात पडते. टॉसर नावाचा प्रोग्रॅम साठा चाळतो, बाहेर जायची पत्रे उचलतो, त्यांचे पॅकेट बांधतो आणि बाहेर जाणाऱ्या फोल्डरात ठेवतो. मग मेलर हबशी जोडतो. आज बहुतेक ठिकाणी बिंकपी हा प्रोटोकॉल वापरतात, पोर्ट २४५५४. मेलर पॅकेट देतो आणि तुमच्यासाठी आलेले घेतो. परत टॉसरची पाळी: पॅकेट उघडून पत्रे विषयवार लावायची. टॉसर आणि मेलर ही दोन वेगळी कामे आहेत, हे मनात पक्के करा. पत्र अडकले की ते मेलरपाशी अडकले की टॉसरपाशी, एवढे कळले तरी निम्मे निदान झाले.

प्रत्येक पत्राला एक ओळखक्रमांक लागतो आणि शेवटी ते कुठून निघाले याची ‘ओरिजिन’ ओळ असते. कोणकोणत्या नोडांनी पत्र पाहिले याची यादीही सोबत फिरते, त्यामुळे तेच पत्र आलेल्या ठिकाणी परत जात नाही. म्हणूनच एकच इको दोन वेगवेगळ्या हबांकडून घेऊ नका. ही यादी नेहमी पूर्ण नसते, आणि मग सगळ्यांकडे दुहेरी पत्रांचा पाऊस पडतो.

इको मागवायचा तर हबवरच्या ‘एरियाफिक्स’ या नावाने खासगी पत्र लिहायचे. विषयाच्या जागी ठरलेला पासवर्ड, मजकुरात अधिकचे चिन्ह आणि त्याला चिकटून इकोचे नाव, हे सगळे रोमन अक्षरांत. वजाबाकीचे चिन्ह घातले की इको बंद. टक्क्याच्या चिन्हापुढे ‘लिस्ट’ लिहिले की उपलब्ध इकोंची यादी येते. सुरुवातीला पाच-सहा इको पुरेत.

देवनागरीचा प्रश्न

मराठी लिहिणाऱ्याला जे अडते ते इथेच, आणि बहुतेक मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेखही नसतो.

फिडोनेटची पत्ररचना १९८० च्या दशकातली. तिने अक्षरे मोजली नाहीत, बाइट मोजले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरे बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. पॅकेटमध्ये नावाला ३५ बाइट मिळतात, विषयाला ७१. ‘विनायक देशपांडे’ या नावात १४ चिन्हे आणि एक रिकामी जागा, म्हणजे ४३ बाइट होतात. ते ‘विनायक देशपा’ इथे तुटते आणि पुढे अनुस्वाराचा एक बाइट अर्धवट लटकत राहतो. म्हणून नाव रोमन लिपीतच ठेवा. विषयाचे तसे नाही. ‘दिवाळी अंकांची यादी हवी’ हा विषय ६३ बाइटांत बसतो, पुढे ‘आहे’ जोडले की ७३ होतात आणि शेपूट तुटते. विषय चार आखूड शब्दांपर्यंत ठेवला की सहसा अडत नाही. क्यूडब्ल्यूकेच्या गठ्ठ्यात तर नाव आणि विषय दोन्हींना मूळ रचनेत फक्त २५ बाइट आहेत, म्हणजे देवनागरीची जेमतेम आठ चिन्हे.

त्याहून मोठी अडचण हलन्ताची आहे. फिडोनेटच्या मूळ तांत्रिक नियमांत असे आहे की मजकुरातला ८डी (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे अंक) हा बाइट ‘मऊ ओळतोड’ समजून दुर्लक्षित करावा. वर्डस्टारच्या काळातले मजकूर लिहायचे प्रोग्रॅम ओळ आपोआप मोडताना तो बाइट घालत असत, म्हणून हा नियम. आता हलन्ताचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट पाहा: ई०, ए५, ८डी. शेवटचा बाइट नेमका तोच! नियम शब्दशः पाळणारे जुने सॉफ्टवेअर प्रत्येक हलन्तातला तिसरा बाइट गाळून टाकते आणि प्रत्येक जोडाक्षराच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उरते. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दात चार हलन्त आहेत, म्हणजे चार भगदाडे. अर्ध्या र साठी काही कीबोर्ड जोडणारे अदृश्य चिन्ह घालतात, त्याचाही शेवटचा बाइट ८डीच असतो.

रशियन मंडळींना हाच त्रास फार पूर्वी झाला. त्यांच्या सीपी८६६ या सांकेतिक तक्त्यात ‘एन’चा उच्चार असलेल्या मोठ्या अक्षराचा क्रमांक ८डी होता आणि ते अक्षर पत्रांतून गायब व्हायचे. त्यांनी दिसायला तसाच असलेला रोमन एच वापरून वेळ मारून नेली. हलन्तासारखे दिसणारे दुसरे चिन्ह आपल्याकडे नाही, त्यामुळे आपल्याला सॉफ्टवेअरच नीट निवडावे लागते.

मराठी पत्र फाटले की कारण शोधायची सोपी रीत अशी. चाचणीच्या इकोमध्ये दोन ओळी टाका. पहिली ‘मी घरी आलो’, हिच्यात एकही हलन्त नाही. दुसरी ‘विद्यार्थ्यांच्या वह्या’. पलीकडच्या माणसाला काय दिसले ते विचारा. पहिली ओळ शाबूत आणि दुसरी फुटकी असेल, तर कोणीतरी ८डी गाळतो आहे. दोन्ही ओळींच्या जागी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन यांची माळ दिसत असेल, तर बाइट सुखरूप पोचले आहेत, फक्त वाचणाऱ्याचा टर्मिनल जुन्या सीपी४३७ तक्त्यात आहे. आणि सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हे असतील, तर वाटेत कुठेतरी मजकुराचे दुसऱ्या तक्त्यात रूपांतर झाले. अशा वेळी पत्राच्या लपलेल्या ओळींत सीएचआरएस ही ओळ शोधा, तिच्यापुढे यूटीएफ-८ आणि पातळी ४ असे असायला हवे. ती नसली की पलीकडचा प्रोग्रॅम अंदाजाने तक्ता धरतो. ८डीचा संशय आला तर आधी आपले घर तपासा. निघालेले पॅकेट हेक्स दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि ई०, ए५ यांच्या पाठोपाठ ८डी आहे का ते पाहा. असेल तर दोष पुढे कुठेतरी आहे.

वाचण्यासाठी सिंकटर्म देवनागरीच्या कामाचा नाही, त्याचे ठशांसारखे अक्षरसंच सीपी४३७ चे आहेत. साध्या युनिकोड टर्मिनलमध्ये अक्षरे दिसतात, पण वेलांट्या आणि काने यांची रुंदी प्रत्येक टर्मिनल वेगळी मोजतो, त्यामुळे ८० स्तंभांच्या चौकटी वाकड्या होतात. आमचा सल्ला असा की बोर्डासाठी सिंक्रोनेट घ्या. त्यात बातमीगटांची सेवा आधीपासून आहे, ती पोर्ट ११९ वर सुरू करा आणि थंडरबर्डमधून वाचा-लिहा. थंडरबर्डला यूटीएफ-८ नीट कळते, जोडाक्षरे जुळतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना काळा पडदा शिकवत बसावे लागत नाही. लांब लेख टाकायचा मोह मात्र आवरा. काही जुने प्रोग्रॅम १६ केबीच्या पुढचा मजकूर कापतात आणि मराठीत १६ केबी म्हणजे साधारण सातशे-आठशे शब्द.

इको कोणत्या भाषेत चालतो हे त्याचा मॉडरेटर ठरवतो. इंग्रजी इकोमध्ये मराठी पत्रे टाकू नका. आपल्या नोडवर स्थानिक मराठी इको काढा, तो पॉइंटांना द्या, आणि दोन-तीन महिने नीट चालला की मग हबला पुढे वाहून न्यायची विनंती करा.

नोडचे सामान आणि जोडणी

जेल रोडवरून नवे काही आणण्याआधी घरात पडलेला जुना संगणक पाहा. २ जीबी मेमरी आणि डेबियन ही लिनक्स प्रणाली पुरेशी आहे. वीज वाचवायची असेल तर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) घ्या, सोबत ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अस्सल अडॅप्टर. मोबाइलच्या चार्जरवर तो चालतो असे वाटते, पण व्होल्टेज पडले की मधूनच बंद पडतो आणि पत्रांचा साठा खराब होतो. मेमरी कार्डावर सतत लिहिणे होते, म्हणून छोटा एसएसडी बरा. मे महिन्यातल्या इंदुरी उन्हात बंद डबीत ठेवलेला पाय ८० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा उष्णता उतरवणारी पट्टी लावा. राउटर आणि पाय दोन्हींना एकच छोटा यूपीएस असावा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज येऊन इंटरनेट येईपर्यंत त्याची तारीख चुकीची असते आणि तेवढ्यात निघालेल्या पत्रांवर चुकीची तारीख बसते. म्हणून वेळ जुळल्याशिवाय मेलर सुरू होणार नाही अशी अट घाला. पत्रातल्या टीझेडयूटीसी या, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेपासूनचा फरक सांगणाऱ्या, ओळीत भारतासाठी ०५३० लिहायचे, पुढे अधिकचे चिन्ह लावायचे नाही.

सिंक्रोनेटमध्ये मेलर आणि टॉसर दोन्ही सोबत येतात, आणि जाळ्याचा क्रमांक दिला की बहुतेक जोडणी करून देणारी तयार स्क्रिप्टही आहे. ती चालवा, मग हबचा पत्ता आणि पासवर्ड एकदा हाताने तपासा. पॅकेटच्या पासवर्डला आठच बाइटांची जागा आहे. फक्त मोठी रोमन अक्षरे आणि आकडे वापरा, लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ टळतो. दर अर्ध्या किंवा एक तासाने हबशी जोडणे पुरे. दर मिनिटाला जोडणारा नोड हबच्या सिसॉपला नकोसा होतो.

इंटरनेटचे काय? अनेक घरगुती जोडण्यांत कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही त्या वाटणीत आहात आणि बाहेरून कोणी तुमच्याकडे येऊ शकत नाही. पत्रव्यवहार त्याने अडत नाही, कारण तुम्हीच हबकडे जाता. फक्त समन्वयकाला हे आधी सांगा, म्हणजे तुमची नोंद तशी होईल. बाहेरून माणसे बोर्डावर यावीत असे वाटत असेल तर स्थिर पत्ता विकत घ्या, आयपीव्ही६ वापरा किंवा भाड्याच्या सर्व्हरवर बोर्ड ठेवा. टेलनेटचे पोर्ट २३ उघडले की थोड्याच वेळात यंत्रांकडून पासवर्डांचा मारा सुरू होतो. २३२३ सारखा वेगळा पोर्ट घ्या आणि तीन चुकांनंतर तो पत्ता अडवला जाईल अशी सोय करा.

नेहमीच्या अडचणी

मेलरच्या नोंदीत पत्रे आलेली दिसतात पण बोर्डावर काहीच नाही: असुरक्षित आवक फोल्डर पाहा. हबचा पत्ता तुमच्या यादीत नसेल किंवा त्याच्यापुढे पासवर्ड भरला नसेल, तर पॅकेट तिथे पडते आणि टॉसर त्याला हात लावत नाही. पत्रे ‘खराब’ भागात जमत असतील तर इकोचे नाव एका अक्षराने चुकले आहे, किंवा तो इको तुम्ही मागवला पण स्वतःकडे उघडला नाही. तुमचे पत्र इतरांना दिसते पण उत्तर येत नाही, तेव्हा ओरिजिन ओळीतला पत्ता तपासा. एकाहून जास्त जाळ्यांत असलेल्या नोडवर एका जाळ्याच्या पत्रावर दुसऱ्याचा पत्ता बसणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

फिडोनेटचे धोरण १९८९ चे आहे आणि त्यातले वागणुकीचे सूत्र दोन वाक्यांचे: दुसऱ्याला फार सतावू नका, आणि स्वतः फार लवकर चिडू नका. हबचे सिसॉप आणि समन्वयक हे काम स्वतःच्या खर्चाने, नोकरीधंदा सांभाळून करतात. त्यांना मदत मागताना “चालत नाही” एवढेच लिहू नका. मेलरच्या नोंदीतल्या शेवटच्या वीस ओळी, आपला पत्ता, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि भारतीय वेळेसोबत यूटीसी वेळ द्या. पासवर्ड त्या ओळींतून काढून टाका. आपल्याखाली पॉइंट देत असाल तर प्रत्येकाला त्याचा पत्ता, पासवर्ड, हबचे नाव, पोर्ट आणि चाचणीच्या इकोचे नाव एका कागदावर लिहून द्या, आणि त्याचे पहिले पत्र त्याच्या शेजारी बसून पाठवून घ्या. बाहेरगावी जाणार असाल तर आधी हबला कळवा, म्हणजे तुमची पत्रे तिथे साठून राहतील आणि कोणी तुमचा नोड बंद पडला असे समजून यादीतून काढणार नाही.